पाचवीचा प्रवेश: जुन्या शाळेच्या रजिस्टरपासून नव्या वर्गातल्या पहिल्या महिन्यापर्यंत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या माध्यमिक शाळेच्या कार्यालयाबाहेर पाचवीच्या प्रवेशासाठी रांग लागते. रांगेतल्या बऱ्याच पालकांनी सगळी कामे केलेली असतात, पण उलट्या क्रमाने. गणवेश शिवून तयार असतो, पुस्तकांचा संच विकत घेतलेला असतो, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र आईचे नाव चुकलेले असते किंवा आधारवरची जन्मतारीख दाखल्याशी जुळत नसते. मग ऐन पेरणीच्या दिवसांत त्यांना जुन्या शाळेच्या, सेतू केंद्राच्या आणि आमच्या कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात आणि मूल आठ-दहा दिवस घरी राहते. हे टाळता येते, म्हणून कामांचा योग्य क्रम येथे सविस्तर दिला आहे.

हा लेख मुख्यतः जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत चौथी पूर्ण करून मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत पाचवीला येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आहे. गावातली शाळा पाचवीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असेल, तर हेच टप्पे सहावीच्या किंवा आठवीच्या प्रवेशालाही लागू पडतात.

१. मार्च-एप्रिल: जुन्या शाळेतली नोंद स्वतः वाचा

सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे आणि नेमका हाच वगळला जातो. शाळा सोडल्याचा दाखला जनरल रजिस्टरवरून लिहिला जातो. रजिस्टरमध्ये जे आहे तेच दाखल्यावर येते, आणि दाखल्यावर जे आहे ते पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत मुलाच्या मागे जाते. मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंत नोंदीतली चूक पुराव्यासह अर्ज करून दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते. एकदा दाखला हातात पडला, की तीच दुरुस्ती दोन शाळा आणि शिक्षण विभाग यांच्यात अडकून पडते.

म्हणून वार्षिक परीक्षेच्या आधी एक दिवस काढून मुख्याध्यापकांना भेटावे, जनरल रजिस्टरमधली आपल्या मुलाची नोंद दाखवण्याची विनंती करावी आणि पुढील गोष्टी शब्द न् शब्द वाचाव्यात:

- मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव तसेच आडनाव, मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगसह
- जन्मतारीख, अंकांत आणि अक्षरांत
- जन्मस्थळ, त्यात गाव, तालुका आणि जिल्हा
- धर्म, जात आणि पोटजात
- शाळेत दाखल झाल्याची तारीख आणि जनरल रजिस्टर क्रमांक

वाचताना जन्मदाखला आणि मुलाचे आधार कार्ड शेजारी ठेवावे. घरात मुलाला ज्या नावाने हाक मारतात ते पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी रजिस्टरमध्ये लिहिले गेले आणि आधारवर बारशाचे पूर्ण नाव राहिले, असे नेहमी घडते. एकीकडे ‘ओम’ आणि दुसरीकडे ‘ओंकार’ असेल, तर संगणकासाठी ती दोन वेगळी मुले होतात. आईच्या नावाबाबतही हेच होते. माहेरचे नाव एका कागदावर असते आणि सासरचे दुसऱ्यावर. जातीची नोंद वडिलांच्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून पाहावी, कारण पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी करताना हेच दोन कागद समोरासमोर ठेवले जातात.

मुलाचे आधार पाच वर्षांच्या आत काढले असेल आणि पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद दिलेली नसेल, तर ते अद्ययावतीकरण सुट्टीतच करून घ्यावे. ते न केलेले आधार निष्क्रिय होऊ शकते.

*तपासून पाहा:* जन्मदाखला, आधार आणि जनरल रजिस्टर या तिन्ही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकच आहे का? नसेल, तर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये. जन्मतारखेसाठी जन्मदाखला हाच आधार धरावा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत.

२. एप्रिल: शाळा ठरवताना विचारायचे प्रश्न

शाळेची ख्याती सगळेच विचारतात. त्याखेरीज काही साधे प्रश्न आहेत, जे आधी न विचारल्यामुळे जुलैमध्ये शाळा बदलण्याची वेळ येते.

पहिला प्रश्न शाळेच्या वेळेचा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. पाचवी त्यात येत नाही. दोन सत्रांत चालणाऱ्या माध्यमिक शाळेत पाचवीचा वर्ग सकाळी सातला भरत असेल आणि शाळा सात-आठ किलोमीटरवर असेल, तर दहा वर्षांच्या मुलाला पहाटे पाचला उठावे लागेल. त्या वेळी एसटी आहे का, हेही त्याच दिवशी पाहावे.

दुसरा प्रश्न तुकडीचा. पाचवीला मराठी माध्यमाची तुकडी घ्यायची की सेमी इंग्रजीची, हे शाळा प्रवेशाच्या वेळीच विचारते, आणि शेजाऱ्यांच्या मुलाने सेमी घेतले म्हणून आपणही घ्यायचे, असे उत्तर पालक देऊन टाकतात. सेमीच्या तुकडीत साधारणपणे पाचवीपासून गणित आणि सहावीपासून विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते. चौथीपर्यंत बेरीज, वजाबाकी, अंश आणि छेद म्हणणाऱ्या मुलाला अचानक ॲडिशन, सबट्रॅक्शन, न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर ऐकू येऊ लागतात. मुलाला गणित येत असते, पण प्रश्नच कळत नाही आणि ‘याचे गणित कच्चे आहे’ असा शेरा मिळतो. सेमी घ्यायचे असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचवीच्या इंग्रजी गणिताच्या पुस्तकातले पन्नास-साठ शब्द मुलाकडून मराठी अर्थासह वहीत लिहून घ्यावेत आणि ते तोंडी पक्के करावेत. मूल इंग्रजी वाक्य अडखळतही वाचू शकत नसेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की त्याला मराठी माध्यमाच्या तुकडीत बसवावे.

तिसरा प्रश्न फार थोड्या पालकांना सुचतो. मुलाला सहावीसाठी जवाहर नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र शासनाच्या निवासी शाळेच्या, निवड परीक्षेला बसवायचे असेल, तर पाचवीची शाळा निवडताना फार काळजी घ्यावी लागते. नवोदयमध्ये ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात आणि ग्रामीण म्हणून गणले जाण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेतच झालेली असावी लागतात. पाचवीला मुलाला नगरपालिका हद्दीतल्या शाळेत घातले, की तो हक्क जातो. शिवाय मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकत असेल, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी अर्ज करता येतो. गावातल्याच शाळेत पाचवीचा वर्ग असेल आणि नवोदयचा विचार पक्का असेल, तर एक वर्ष थांबणे योग्य ठरते.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची आहे. मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे की कुलपात आहे, तिथे नळाला पाणी आहे का आणि आतून कडी लागते का, हे आईने स्वतः पाहावे. पाचवी ते आठवी या वर्षांतच मुलींना पाळी सुरू होते. ज्या शाळेत पॅड बदलायला आणि टाकायला जागा नाही, तिथे महिन्यातले तीन-चार दिवस मुलगी घरी राहते. कार्यालयात प्रश्न विचारून हे कळत नाही.

*इशारा:* पाचवीच्या प्रवेशासाठी परीक्षा घेणे, मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणे आणि देणगी मागणे, या तिन्ही गोष्टींना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार मनाई आहे. ‘इमारत निधी’ किंवा ‘विकास निधी’ असे नाव दिले म्हणून देणगी वैध होत नाही. तसेच याच कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांवरचा मोफत प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो. पाचवीसाठी त्या अर्जाची वाट पाहत बसू नये.

३. निकालानंतर लगेच: दाखला

निकाल बहुतेक ठिकाणी १ मेच्या सुमारास लागतो आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद होते. मुख्याध्यापक परगावचे असले, तर पूर्ण मे महिना शिक्का आणि सही मिळत नाही. म्हणून दाखल्यासाठीचा अर्ज एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच लिहून द्यावा आणि निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकासोबत दाखला हातात घ्यावा.

दाखला हातात आल्यावर शाळेच्या आवारातच तो वाचावा. खाडाखोड नसावी. जन्मतारीख अक्षरांतही लिहिलेली असावी. ‘चौथी उत्तीर्ण’ किंवा ‘पाचवीच्या वर्गात बढती’ असा स्पष्ट उल्लेख, जावक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का हे सर्व असावे. त्याच वेळी मुलाचा यू-डायस प्लस या केंद्राच्या शालेय नोंदींच्या पोर्टलवरचा पेन क्रमांक, म्हणजे कायमस्वरूपी अकरा अंकी शैक्षणिक क्रमांक, वहीत उतरवून घ्यावा. अपार ओळख क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा शैक्षणिक ओळख क्रमांक, तयार झाला असेल, तर तोही घ्यावा.

मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो आणि परत मिळत नाही. त्याच्या तीन छायाप्रती आणि मोबाइलमध्ये एक नीट छायाचित्र काढून ठेवावे. दाखला हरवला, तर दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते.

*दाखला मिळत नसेल तर:* मागितल्यावर दाखला तत्काळ देणे मुख्याध्यापकांवर कायद्याने बंधनकारक आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही कोणत्याच शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी किंवा बांधकामासाठी स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांना हे आवर्जून सांगावे लागते, कारण ‘कागद आणा, मग बघू’ हे एकच वाक्य ऐकून ते परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. मधली वर्षे शाळा सुटली असली, तरी मुलाला वयानुरूप वर्गात बसण्याचा आणि राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी मिळवण्याचा हक्क आहे.

४. प्रवेशाचा दिवस

सोबत न्यायचे कागद: मूळ दाखला, चौथीचे प्रगतिपुस्तक, जन्मदाखल्याची प्रत, मुलाचे आणि पालकांचे आधार, असल्यास जातीचा दाखला, मुलाच्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत, पासपोर्ट आकाराची चार छायाचित्रे आणि रेशन कार्ड. दिव्यांग मुलाचे प्रमाणपत्र असेल, तर ते पहिल्याच दिवशी द्यावे. परीक्षेतल्या सवलती आणि विशेष शिक्षकांची मदत त्या नोंदीवर अवलंबून असते.

अर्ज पालकांनी स्वतः भरावा, आणि लिहिता येत नसेल तर घरातल्या कुणाकडून भरून घ्यावा. रांगेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडून भरून घेऊ नये. अर्जातले नाव दाखल्याबरहुकूम लिहावे. आपल्याला आवडते तसे नवे स्पेलिंग येथे सुरू करू नये. मोबाइल क्रमांक असा द्यावा जो वर्षभर चालू राहील आणि दिवसा उचलला जाईल. मुलाला दमा, फिट, हृदयाचा त्रास किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर ती लेखी कळवावी. लग्नाच्या वेळी अडचण येईल, या भीतीने पालक मुलीची फिट लपवतात. मग वर्गात ती पडल्यावर काय करायचे, हे तिथे कुणालाच माहीत नसते.

दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

५. जून: ऑनलाइन नोंद हलली का?

कागदावर प्रवेश झाला, म्हणजे काम संपले, असे पालक समजतात. प्रत्यक्षात मुलाची नोंद जुन्या शाळेच्या लॉगिनमध्येच असते. राज्याच्या स्टुडंट पोर्टलवर नव्या शाळेने विनंती पाठवायची आणि जुन्या शाळेने ती मान्य करायची, तर यू-डायस प्लसवर जुन्या शाळेने मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, सोडायचे आणि नव्या शाळेने तिथून घ्यायचे, अशी पद्धत आहे. दोहोंपैकी एक शाळा विसरली, की मूल वर्गात बसलेले असते, पण पटावर नसते. शिष्यवृत्तीचे अर्ज आणि परीक्षांची आवेदने भरताना ते उघड होते.

*तपासून पाहा:* शाळा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी कार्यालयात एकच प्रश्न विचारावा, ‘माझ्या मुलाची नोंद दोन्ही पोर्टलवर आपल्या शाळेत आली का?’ ‘येईल’ असे उत्तर मिळाले, तर त्याच दिवशी जुन्या मुख्याध्यापकांना फोन करावा.

६. खरेदी: सर्वांत शेवटी

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. मे महिन्यात संच विकत घेतलेल्यांचे पैसे वाया जातात. गणवेशाचे मात्र उलट आहे. मोफत गणवेशाची योजना शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतून खासगी अनुदानित शाळेत आलेल्या मुलाचा गणवेश पालकांनाच घ्यावा लागतो. तुकडी कळल्याशिवाय आणि खेळाच्या तासाचा वेगळा गणवेश आहे का, हे विचारल्याशिवाय कापड घेऊ नये.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे. तीस किलोच्या मुलासाठी ते तीन किलो होते, त्यामुळे दोनशे पानी जाड वह्यांऐवजी शंभर पानी वह्या घ्याव्यात.

७. जाण्या-येण्याची सोय

ग्रामीण भागातून बारावीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, आणि मुलांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. त्यासाठी शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र, आधार आणि छायाचित्र लागते. अलीकडे एसटीचे कर्मचारी शाळेत येऊनही पास देतात, त्या दिवसाची चौकशी वर्गशिक्षकांकडे करावी. पास मिळेपर्यंतचे दिवस सुटे पैसे लागतात, हे लक्षात ठेवावे.

शाळा सुरू होण्याआधी मुलासोबत त्याच वेळेच्या गाडीने एकदा जाऊन यावे. परतीची गाडी चुकली तर कुठे थांबायचे आणि कुणाच्या फोनवरून घरी कळवायचे, हे त्याच फेरीत जागा दाखवून सांगावे. घरचा क्रमांक मुलाला तोंडपाठ असावा आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यातही लिहिलेला असावा.

८. पहिले पंधरा दिवस

विदर्भ वगळता शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. विदर्भात उन्हामुळे त्या पुढे जातात. चौथीपर्यंत मुलाला दिवसभर एकच गुरुजी किंवा बाई असतात आणि त्यांना त्याचे घरदार माहीत असते. येथे दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते आणि नवे सर किंवा मॅडम येतात. साठ मुलांत त्यांना पहिला महिना नावेही आठवत नाहीत. मुले बिथरतात ती अभ्यासापेक्षा याने.

पहिल्या दिवशी पालकांनी सोबत यावे, तुकडीच्या यादीत नाव स्वतः शोधावे आणि वर्गाच्या दारापर्यंत जावे. मुलाला तीन जागा दाखवाव्यात: पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि कार्यालय. हे फार किरकोळ वाटते. पण एका वर्षी पाचवीतला एक मुलगा रोज शेवटच्या तासाला पोट धरून बसायचा. अभ्यास नको म्हणून नाटक करतो, असे सगळ्यांनी धरले. पाचव्या दिवशी त्याच्याशी निवांत बोलल्यावर कळले, की स्वच्छतागृह कुठे आहे ते त्याला माहीतच नव्हते, मोठ्या मुलांना विचारायची भीती वाटत होती, आणि लघवी लागू नये म्हणून तो सकाळपासून पाणीच पीत नव्हता. तेव्हापासून आमच्या वर्गात पहिल्या दिवसाची पहिली तासिका शाळा फिरून पाहण्याची असते.

वेळापत्रक वर्गात फळ्यावर लिहिले जाते. ते नीट उतरवून आणले का, हे त्याच संध्याकाळी पाहावे आणि घरी भिंतीवर चिकटवावे. रोज रात्री जेवणाआधी उद्याच्या तासिकांप्रमाणे दप्तर भरण्याची सवय पहिला आठवडा मुलाच्या शेजारी बसून लावावी, नंतर ते काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवावे. सकाळी आईने दप्तर भरून दिले, की वही घरी राहिल्याचा दोषही आईवरच जातो आणि सवय लागत नाही.

प्रत्येक विषयाला वेगळी वही असावी. सगळ्या विषयांचे एकाच वहीत लिहून आणणारे मूल आळशी नसते, त्याला चौथीपर्यंत तसेच चालत होते. पाचवीला मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यासाचे दोन भाग असतात, आणि हिंदी बहुतेक मुलांसाठी पूर्णपणे नवी असते. लिपी एकच असल्यामुळे मूल हिंदी वाचते, पण ‘है’ आणि ‘हैं’ यांतला फरक सोडून देते. पहिल्या महिन्यात रोज पाच ओळी मोठ्याने वाचून घेणे पुरेसे आहे.

संध्याकाळी ‘आज काय शिकवले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘डबा कुणाबरोबर खाल्लास?’ असे विचारावे. आठवडाभर रोज ‘एकट्याने’ असे उत्तर आले, तर वर्गशिक्षकांना भेटावे. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो, पण नव्या मुलांना रांगेत जायला संकोच वाटतो. ताट आणि पाण्याची बाटली दप्तरात असल्याची खात्री करावी.

*इशारा:* शाळेत मारणे आणि मानसिक छळ यांना कायद्याने बंदी आहे. मोठी मुले पैसे मागतात, डबा काढून घेतात किंवा कुणी अंगाला नको तसा हात लावते, असे मुलाने सांगितले, तर आधी त्याचे पूर्ण ऐकावे. ‘तूच काही केले असशील’ हे वाक्य एकदा ऐकले, की मूल पुन्हा सांगत नाही. त्यानंतर वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना लेखी कळवावे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलालाही पाठ असावा.

९. जुलै ते सप्टेंबर

पालक सभेला आई-वडिलांपैकी एकाने जावे, शेजाऱ्याला पाठवू नये. सभेत गर्दीसमोर आपल्या मुलाची चौकशी करण्याऐवजी वर्गशिक्षकांकडे दहा मिनिटांची वेगळी वेळ मागावी. पाचवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तीतही यश आले नाही, तर मूल त्याच वर्गात राहते. ‘आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही’ ही जुनी समजूत सोडून पहिल्या घटक चाचणीचा तपासलेला पेपर घरी मागवावा आणि गुणांच्या आधी कोणते प्रश्न कोरे सोडले आहेत ते पाहावे. कोरा सोडलेला प्रश्न वेळ पुरला नाही म्हणून राहिला की प्रश्नच समजला नाही, हे मुलालाच विचारावे. या दोन्ही अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत.

सप्टेंबर संपण्यापूर्वी कार्यालयात आणखी एक फेरी मारावी. नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाची नोंद जुन्या दाखल्यावरून हाताने उतरवलेली असते, आणि प्रवेशाच्या गर्दीत उतरवताना वेलांटी, काना किंवा जन्मतारखेचा एखादा अंक बदलतो. एप्रिलमध्ये ज्या पाच गोष्टी जुन्या रजिस्टरमध्ये वाचल्या होत्या, त्याच पाच गोष्टी मोबाइलमधले दाखल्याचे छायाचित्र शेजारी धरून येथेही वाचाव्यात, आणि फरक दिसल्यास त्याच दिवशी अर्ज देऊन पोच घ्यावी.